इथे म्हणजे कुठे?

आमच्या वाईच्या घरात ‘इथे’ या शब्दाला काडीची किंमत नव्हती. आई खालून हाक मारायची, ‘अरे, कुठं आहेस?’ मी माडीवरून ओरडायचो, ‘इथे!’ क्षणभर शांतता. मग जरा चढ्या आवाजात, ‘इथे म्हणजे कुठे?’ मी म्हणायचो, ‘इथे म्हणजे इथेच!’ असं दोन-तीनदा झालं की ताई मध्ये पडायची, ‘आई, माडीवर आहे तो.’ मग जिना वाजायचा.

बाबांच्या बाबतीतही तेच. ते जुन्या वळणाचे, बायकोला नावानं हाक मारायची नाही. ‘अगं, ऐकलंस का?’ एवढंच. तिनं ऐकलेलं असायचं, त्याबद्दल शंकाच नको. पण हातातलं उलथनं तसंच धरून ती आधी मागच्या दारी डोकावायची, मग ओसरीवर, मग माजघरात, आणि बाबा आपले देवघराच्या उंबऱ्यावर उभे. आजी म्हणायची, ‘पोरगी गुणाची आहे, पण वेंधळी.’ आई हसायची. हा वेंधळेपणा तिनंही मान्य करून टाकला होता.

आईचा डावा कान लहानपणीच गेला होता. सात-आठ वर्षांची असताना तिला गालफुगी झाली. ती उतरली, पण जाताना डावा कान घेऊन गेली. गालफुगीत कधी कधी असं होतं. कान जातो तो बहुधा एकाच बाजूचा, त्यामुळे मुलाच्या किंवा घरच्यांच्या लगेच लक्षातही येत नाही. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. सिनेमाला ती रांगेत सगळ्यांच्या डावीकडची खुर्ची पकडायची, लग्नाच्या पंगतीतही तसंच, म्हणजे बोलणारे सगळे तिच्या उजव्या बाजूला येत. पण ‘दुसरा आहे की धडधाकट’ म्हटलं की विषय संपायचा. दुसरा कान म्हणजे गाडीची स्टेपनी, अशी आमची सगळ्यांची समजूत. आणि तो दुसरा कान होताही तिखट. दूध उतू जाण्याआधी पातेल्यात जी बारीक सुरसुर होते ती तिला ओसरीवर बसून ऐकू यायची. त्यामुळे गेलेला कान आणि वेंधळेपणा या दोन गोष्टींची सांगड घालावी असं कुणाला सुचलंच नाही.

मला सुचलं ते वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, आणि तेही कानातल्या मळामुळे. फार काव्यात्म कारण नाही, पण जे घडलं ते असं. शनिवारी सकाळी अंघोळ करताना उजव्या कानात पाणी गेलं, आतला मळाचा खडा फुगला आणि कान ठार बंद झाला. डॉक्टर सोमवारी भेटणार होते. मधले दोन दिवस मी पुण्यात एका कानावर काढले.

ऐकू सगळं येत होतं, फक्त सगळं डावीकडून. रस्ता ओलांडताना रिक्षाचा हॉर्न वाजला, मी घाबरून उजवीकडे उडी मारली आणि नेमका रिक्षासमोर गेलो. रिक्षावाल्यानं माझ्या पूर्वजांची आठवण काढली ती मात्र स्पष्ट ऐकू आली. घरी डोक्यावरचा पंखा डाव्या खांद्याशी फिरत होता. कुकरची शिट्टी आणि दाराची घंटा एकाच जागेवरून यायच्या. मोबाइल वाजला तेव्हा मी सोफ्याच्या उशा उलट्यापालट्या केल्या, टीपॉयखाली वाकलो, फ्रिजवर पाहिलं. तो दारामागे टांगलेल्या पँटच्या खिशात होता. बायको चहाचा कप हातात धरून हे सगळं बघत होती. म्हणाली, ‘अगदी आईंसारखं करतोयस.’

मी उशी हातात धरून तसाच उभा राहिलो.

सोमवारी खडा निघाला आणि पंखा पुन्हा छताला जाऊन लागला. मी मात्र तेव्हापासून या विषयाच्या मागे लागलो आहे.

डोळ्याचं काम त्या मानानं सोपं. समोरच्या झाडाचं चित्र पडद्यावर उमटतं ते जागेसकट. डावीकडचं एकीकडे, उजवीकडचं दुसरीकडे. कानात अशी जागाच नाही. कानाचा पडदा फक्त आतबाहेर थरथरतो. कावळा, कुकर, शेजारच्यांचं भांडण, सगळं मिळून एकच थरथर. त्यात ‘काय’ असतं, ‘कुठे’ कुठंच लिहिलेलं नसतं. ते मेंदूला हिशेब करून काढावं लागतं, आणि त्या हिशेबासाठी दोन आकडे लागतात.

आवाज हवेत सेकंदाला साधारण 343 मीटर धावतो, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात 34 सेंटिमीटर. कुणी माझ्या बरोबर डाव्या हाताला उभं राहून टाळी वाजवली, तर ती डाव्या कानाला आधी पोचते आणि डोक्याला वळसा घालून उजव्या कानाला नंतर. हा उशीर फार तर 0.65 मिलिसेकंद. ही झाली सगळ्यात मोठी तफावत. टाळी वाजवणारा माणूस समोर असेल आणि नाकाच्या रेषेपासून जेमतेम 1 अंश सरकला असेल, तरी तो सरकल्याचं चांगल्या कानांना कळतं. तेव्हाची तफावत असते सुमारे 10 मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक लाखावा भाग. तेवढ्या वेळात आवाज जातो साडेतीन मिलिमीटर. फोडणीच्या डब्यातल्या दोन मोहऱ्या शेजारी शेजारी ठेवल्या तर जेवढी जागा व्यापतील, साधारण तेवढं अंतर.

मला खरा धक्का पुढच्या माहितीनं बसला. मेंदूतली पेशी जो विजेचा ठोका देते तो एकेक ठोकाच जवळजवळ 1 मिलिसेकंद टिकतो. म्हणजे जे मोजायचं आहे त्याच्या शंभरपट जाड काटा असलेलं घड्याळ. जाड्याभरड्या सुतळीनं मोती ओवण्यातला प्रकार. हे जमतं कसं याचं एक सुंदर उत्तर लॉईड जेफ्रेस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1948 साली सुचवलं. गल्लीच्या दोन टोकांकडून दोन माणसं सारख्या वेगानं चालत निघाली तर ती कुठल्या दारापाशी भेटतात त्यावरून आधी कोण निघालं ते कळतं. तसंच दोन कानांकडून आलेले ठोके मेंदूत ज्या पेशीपाशी एकदम पोचतात, ती पेशी म्हणजेच दिशा. घड्याळ नकोच, नुसती दारं मोजायची. घुबडाच्या मेंदूत जवळपास अशीच गल्ली सापडली. माणसासारख्या सस्तन प्राण्यांत ती तशीच आहे की हिशेबाची रीत वेगळी, यावर अजून वाद चालू आहे.

आईच्या गल्लीत एकाच टोकाकडून माणूस निघायचा. तो कुणालाच भेटायचा नाही.

लहानपणी ती आंधळी कोशिंबीर खेळायला घाबरायची, असं मावशीनं मला सांगितलं. गालफुगीच्या आधी नाही, नंतर. एकदा राज्य आलं की तिच्यावरून ते उतरायचंच नाही. बाकीच्या पोरी ‘इकडे इकडे’ करून चिडवायच्या आणि ही त्यांच्याकडे पाठ करून हवेत हात फिरवायची. पोरींना वाटायचं, नाटक करते.

गंमत म्हणजे या विषयाचं शास्त्र जवळजवळ आंधळ्या कोशिंबिरीतूनच सुरू झालं. 1870च्या दशकात इंग्लंडमधले लॉर्ड रॅले (आरगॉन वायूच्या शोधाबद्दल पुढे 1904 साली नोबेल मिळालं ते) आपल्या हिरवळीवर डोळे मिटून उभे राहिले आणि मदतनिसांना भोवतीनं उभं केलं. कुणी बोललं की ते दिशा बरोबर सांगत. मग बोलण्याऐवजी नादकाटे, म्हणजे ठोकले की एकच सपाट सूर देणारे धातूचे काटे, वाजवले. डावं-उजवं तरीही बरोबर, पण काटा समोर वाजतोय की पाठीमागे हे त्यांना सांगता येईना. कारण उघड आहे. बरोबर समोरचा आणि बरोबर मागचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी आणि सारखाच पोचतो. दुसरं एक कोडं त्यांना पुढची तीस वर्षं पुरलं. बारीक, चिरक्या आवाजाला डोकं आडवं येतं, पलीकडच्या कानावर सावली पडते, त्यामुळे तिकडे तो क्षीण ऐकू येतो. हे समजण्यासारखं होतं. पण खर्जातल्या आवाजाच्या लाटा डोक्यापेक्षा कितीतरी लांब असतात. त्या डोक्याला वळसा घालून दोन्ही कानांत जवळपास सारख्याच जोरानं शिरतात. तरीही त्यांची बाजू कळते ती कशी? 1907 साली त्यांनी मांडलं की तिथं कान जोर मोजत नाहीत, वेळ मोजतात. खर्जासाठी वेळ आणि चिरक्या आवाजासाठी सावली, अशी दोन दुकानं एकाच डोक्यात.

आणि पुढचं-मागचं, वरचं-खालचं? त्यासाठी तिसरं दुकान बाहेर, रस्त्यावरच मांडलेलं आहे. आपण ज्याला बोलीत कान म्हणतो, शिक्षक जो पिरगाळायचे, तो. त्याच्या घड्या-वळ्या उगीच नाहीत. आवाज ज्या दिशेनं येतो त्याप्रमाणे त्या त्याचे काही बारीक सूर उचलून धरतात, काही दाबतात. प्रत्येकाचा कान वेगळा, म्हणून प्रत्येकाची ही बाराखडीही वेगळी. 1998 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 4 जणांच्या कानांच्या खळग्यांत साचे बसवून त्यांचा आकारच बदलला. डावं-उजवं शाबूत राहिलं, पण आवाज वरून येतोय की खालून हे त्यांना कळेनासं झालं. साचे घालूनच ते आठवडेच्या आठवडे नेहमीसारखे वावरले आणि हळूहळू नव्या कानांनी त्यांना वरचं-खालचं पुन्हा कळायला लागलं. मग साचे काढले, तर जुनं ज्ञान जसंच्या तसं जागेवर. सासरची भाषा शिकलेल्या बाईला माहेरची विसरायला होत नाही, तसं.

आईचा उजवा कान घड्या-वळ्यांसकट शाबूत होता. त्यामुळे तिचं अगदीच अडत नव्हतं. शिवाय तिची स्वतःची एक युक्ती होती, आणि ती युक्ती आहे हे मला आता कळतं. हाक आली की ती जागच्या जागी सावकाश अर्धी गिरकी घ्यायची, मान किंचित डावीकडे झुकवून, उजवा कान चारी दिशांना दाखवत. आवाज जिकडे भरेल तिकडे निघायची. पण त्यासाठी आवाज चालू राहायला हवा. माझं ‘इथे’ एवढंसं, दोन अक्षरांचं. गिरकी पुरी होण्याआधीच संपून जायचं.

एका रात्री मात्र घरातले सगळेच तिच्या पंगतीला येऊन बसले. भाद्रपद असावा. माजघरात रातकिडा शिरला होता आणि कुणाला झोपू देईना. बाबा बॅटरी घेऊन ट्रंकेमागे, ताई फडताळापाशी, मी पलंगाखाली. प्रत्येकाला खात्री की आपणच बरोबर. बाबांनी ट्रंक ओढली तर आवाज खुंटीवरून यायला लागला. खुंटीपाशी गेलो तर पाटावरवंट्यामागून. आणि जवळ जावं तो गप्पच. आई अंथरुणात बसून तोंडाला पदर लावून हसत होती.

यात आमची काही चूक नव्हती. 1936 साली हार्वर्डच्या दोन संशोधकांनी, स्टीव्हन्स आणि न्यूमन यांनी, भिंतींचे प्रतिध्वनी टाळायला माणसांना गच्चीवर एका उंच खुर्चीत बसवून चाचण्या घेतल्या. शुद्ध सूर ओळखताना माणूस सगळ्यात जास्त फसतो तो सेकंदाला 3000च्या आसपास कंपनं असतात तिथं. वेळेचं दुकान तोवर बंद झालेलं असतं आणि सावलीचं अजून नीट उघडलेलं नसतं. बऱ्याच रातकिड्यांचा सूर 4 ते 5 हजारांच्या घरात, म्हणजे याच गल्लीच्या तोंडाशी. त्यातून तो एकच एक, सपाट सूर. कानाच्या घड्यांना त्यातून निवडण्यासारखं काही मिळत नाही. ट्रंक ओढून कमरेत उसण भरण्यापलीकडे बाबांच्या हाती काही लागणं कठीणच होतं.

विजापूरची सहल यानंतरची. गोलघुमटाचे ते न संपणारे जिने चढून आम्ही वरच्या सज्जात गेलो. घुमटाचा आतला व्यास सुमारे 38 मीटर. बाबा चालत चालत पार समोरच्या बाजूला गेले, भिंतीकडे तोंड करून काहीतरी कुजबुजले आणि ते शब्द आमच्या कानाशी उमटले. ताई दचकून मागे वळली. मीही. वाटाड्यानं सगळ्यांना हसवून घेतलं. आईनं उजवा कान भिंतीकडे करून ऐकलं आणि म्हणाली, ‘एवढं काय त्यात? मला तर घरीसुद्धा असंच होतं.’

तेव्हा आम्ही हसलो. नंतर वाचलं की या कुजबुजीचं कोडंही पुन्हा रॅले यांनीच सोडवलं, लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये. आवाजाची लाट गोल भिंतीला चिकटून, घसरत घसरत जाते, हवेत पसरून विरत नाही. आपले चं. व्यं. रामन यांनीही 1921 साली सेंट पॉल्सच्याच घुमटाखाली प्रयोग केले. म्हणजे विजापुरात आमचे कान चुकले नव्हते. लाट खरोखरच शेजारच्या भिंतीकडून आली होती आणि कानांनी तेच सांगितलं. बाबा समोर आहेत हे डोळ्यांना ठाऊक होतं, आणि आम्ही जो ‘चमत्कार’ म्हणून टाळ्या पिटत होतो तो डोळे आणि कान यांच्यातला मतभेद होता. तसा मतभेद आईच्या रोजच्या बैठकीतला.

श्रावणबाळाची गोष्ट ती फार रंगवून सांगायची. शरयूचा काठ, रात्र, पाण्यात घडा बुडतानाचा बुडबुड आवाज, आणि दशरथाला वाटतं हत्ती पाणी पितोय. शब्दवेधी बाण सुटतो. मी रडवेला व्हायचो. एकदा मला हसवायला ती म्हणाली, ‘दशरथ माझ्यासारखा असता ना, तर बाण कुठंतरी झाडात गेला असता आणि श्रावण घरी पाणी घेऊन गेला असता.’ दशरथाची चूक किती नेमकी होती ते या वाचनानंतर कळलं. ‘कुठे’ अचूक, ‘काय’ साफ चुकलेलं. गव्हाणी घुबडाचंही असंच होतं. 1950च्या दशकात रॉजर पेन (पुढे देवमाशांच्या गाण्यांमुळे ते जगाला माहीत झाले) यांनी मिट्ट काळोखाच्या खोलीत पाचोळ्यातून कागदाचा बोळा ओढला. घुबडानं झेप घेतली आणि बोळ्यावर नेमकी पकड घातली. उंदीर नव्हताच. त्या घुबडाच्या कानाचं एक भोक वर आणि एक खाली असतं, त्यामुळे आवाजाची उंचीही ते दोन कानांतल्या फरकावरूनच मोजतं. एवढी तयारी, आणि पंजात कागद.

आता लोडशेडिंगची गोष्ट. मी सहा-सात वर्षांचा असेन. मागच्या कोठीच्या खोलीत गोट्या शोधायला गेलो होतो आणि दिवे गेले. घरात आई एकटीच. मी घाबरून एकदाच किंचाळलो, ‘आई!’ आणि पोत्यांमध्ये अंग चोरून गप्प बसलो. तिची पावलं आधी ओसरीकडे गेली, माझ्यापासून लांब. मग तिचा आवाज आला. ‘घाबरू नकोस. गप्प बसू नकोस. पाढे म्हण.’

‘कुठला?’

‘बेपासून. मोठ्यानं. थांबू नकोस.’

मी म्हणत राहिलो. मधेच ती म्हणायची, ‘हं, पुढे.’ तिच्या बांगड्या भिंतीला घासल्याचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. कितीतरी वर्षं मला वाटत होतं की माझं लक्ष अंधारावरून उडावं म्हणून तिनं पाढे म्हणायला लावले. मित्रांना ही गोष्ट मी तशीच सांगितली आहे, आईच्या हुशारीचा नमुना म्हणून. ती माजघराच्या दारात उभी राहून काळोखात गिरकी घेत होती, हे चित्र मला त्या मळाच्या खड्यानंतर दिसलं. सात साते एकोणपन्नासला तिचा हात माझ्या डोक्याला लागला. हाताला घाम होता.

खड्याच्या दिवसांनंतर वाईला गेलो तेव्हा तिला हे सगळं समजावून सांगितलं. दोन कान, मोहरीचे दाणे, रॅलेसाहेब, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, ‘म्हणजे तुम्हाला सगळ्यांना नुसत्या आवाजावरून कळतं? न बघता?’ मी हो म्हटलं. ‘नेहमी?’ ‘नेहमी.’ तिनं थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि शेंगा सोलायला घेतल्या. बऱ्याच वेळानं म्हणाली, ‘तुझ्या आजीला हे सांगायला हवं होतं.’ आजीला जाऊन तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती.

ती आता एकोणऐंशीची आहे. शनिवारी मी गेलो की दिंडीतून आत शिरतानाच हाक मारतो, ‘आई!’ आणि ती पत्ता सांगायला लागते. ‘मागच्या दारी आहे रे. तुळशीपाशी. डाव्या हाताला बघ, धोंडीजवळ. पायऱ्या ओल्या आहेत, जपून ये. एसटीनं आलास की गाडीनं? पेरू आलेत बघ झाडाला, पण पाखरं ठेवतील तर. चहा टाकायचाय अजून, दूध आहे...’ मी समोर दिसेपर्यंत ती थांबत नाही. ‘मागच्या’ हा शब्द पुरा होण्याआधीच मला कळलेलं असतं ती कुठं आहे ते. मी ओसरीवर चपला काढत जरा रेंगाळतो.